टाके सुकल्यावर उरलेलं दुखणं



स्मृतिव्याख्यानात सगळ्या गावाला भिडेल असा मोठा विषय घ्यावा, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी आज मोजक्याच माणसांचा विषय घेऊन आलो आहे. अन्ननलिकेच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेली, त्यातून वाचलेली आणि घरी परतलेली ही माणसं. त्यांचे टाके सुकतात, वजन हळूहळू सावरतं, फाईलवर 'सर्व ठीक' असा शेरा येतो. दुखणं मात्र जात नाही. कानसईत, वडवलीत, ऑर्डनन्स इस्टेटमध्ये, पलीकडे कोहोजगावात फॅमिली डॉक्टर म्हणून फिरताना मला अशी माणसं भेटत आली आहेत. घरचे आनंदाने सांगतात, "डॉक्टर, ऑपरेशन सक्सेस झालं." ते खरंही असतं. ज्याचं ऑपरेशन झालं तो मात्र मान डोलावतो आणि गप्प बसतो. उजव्या कुशीवर त्याला झोपता येत नाही. बनियन घासला की अंगाला चटका बसतो. खोकल्याची उबळ आली की तो आधी भिंत धरतो. हे सगळं तो बोलत नाही, कारण आपण वाचलो हेच खूप झालं, आता तक्रार कसली करायची, असं त्याला वाटतं.

मला आज एवढंच पटवून द्यायचं आहे की हे उरलेलं दुखणं हा स्वतंत्र आजार आहे. त्याला कारण आहे आणि त्यावर उपायही आहेत. त्याची चौकशी करायची जबाबदारी परळच्या मोठ्या इस्पितळाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, अंबरनाथची आहे. परळला माणूस काही आठवडे असतो. दुखणं तो इथे घेऊन येतो.

आधी ही शस्त्रक्रिया काय असते ते समजून घेऊ. अन्ननलिका म्हणजे साधारण 25 सेंटिमीटर लांबीची नळी. ती गळ्यापासून निघते, छातीच्या पिंजऱ्यातून, हृदयाच्या मागून, पाठीच्या कण्याला लागून खाली येते आणि पोटात जठराला मिळते. शरीरात इतक्या अडचणीच्या जागी असलेला अवयव क्वचितच सापडेल. म्हणून सर्जन मंडळींना तिथे हात घालायला फार काळ धीर झाला नाही. 1913 साली न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक यांनी एका वयस्क बाईंच्या छातीतली कॅन्सरग्रस्त अन्ननलिका काढली आणि त्या जगल्या. पुढे जोडायला काही नव्हतं, तेव्हा मानेवर एक छिद्र, पोटावर दुसरं, आणि दोन्हींना जोडणारी रबराची नळी शरीराच्या बाहेरून. त्या नळीतून अन्न उतरवत त्या बाई दहा वर्षांहून अधिक जगल्या. त्यांच्या जगण्याची नोंद वैद्यकाच्या इतिहासात ठळक आहे. त्यांना किती दुखत होतं याची चर्चा मात्र कुणी करत नाही.

पुढे 1946 साली इव्होर लुईस यांनी पोट आणि छातीची उजवी बाजू उघडून ही शस्त्रक्रिया कशी करावी ते मांडलं. 1976 मध्ये मॅकिऑन यांनी छाती, पोट आणि मान अशा तीन जागी छेद घेण्याची पद्धत सांगितली. आज आपल्या रुग्णांवर होते ती बहुधा यांपैकीच एक. अन्ननलिकेचा बहुतेक भाग काढायचा, जठराची लांबट नळी करायची, ती छातीतून वर ओढायची आणि उरलेल्या अन्ननलिकेला जोडायची. म्हणजे पोटातलं जठर छातीत राहायला जातं. हे एकदा नीट कळलं की पुढच्या निम्म्या तक्रारी आपोआप उलगडतात.

आपल्या भागातले बहुतेक रुग्ण यासाठी परळला जातात. लोक 'टाटाला दाखवलं' असं म्हणतात, त्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचं उद्घाटन 28 फेब्रुवारी 1941 रोजी झालं आणि 1962 पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. ज्या रस्त्यावर ते उभं आहे त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं नाव आहे. याच रुग्णालयाने या देशाला अन्ननलिकेची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांच्या पिढ्या दिल्या. आपला रुग्ण तिथे पहाटेच्या लोकलने जातो, किमो घेतो, काहींना शेकही देतात, मग ऑपरेशन होतं. नाकातली नळी निघते, छातीतली निघते, पोटावरची आतड्याला जोडलेली नळी काही आठवडे राहते आणि माणूस घरी येतो. तिथल्या डॉक्टरांसमोर रोज जी रांग असते ती पाहिली की त्यांनी प्रत्येकाच्या बरगडीतल्या चटक्याची सविस्तर विचारपूस करावी, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. ते काम आपलं.

आता दुखतं का, ते बघू. आपल्या प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला एक खोबण असते. तिच्यातून शीर, रोहिणी आणि मज्जातंतू असे तिघे शेजारी शेजारी जातात. छातीत शिरायचं तर दोन बरगड्यांमधून वाट काढावी लागते, आणि ती वाट रुंद करण्यासाठी धातूच्या साधनाने बरगड्या फाकवाव्या लागतात. त्यात तो मज्जातंतू दाबला जातो, ताणला जातो, कधी टाक्यात सापडतो. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत जखम लहान असते, फुप्फुसाच्या तक्रारी कमी होतात, हे चांगल्या अभ्यासांनी दाखवलं आहे. पण दुर्बिणीची नळीसुद्धा दोन बरगड्यांमधूनच जाते. 'दुर्बिणीतून केलंय, मग दुखायला काय झालं' असं कुणी रुग्णाला ऐकवू नये.

दुखावलेला मज्जातंतू काही वेळा बिघडलेल्या भोंग्यासारखा वागतो. कारखाना बंद, पाळी नाही, आग नाही, तरी भोंगा वाजतच राहतो. जखम भरलेली असते, पण तंतू मेंदूला 'जखम आहे, जखम आहे' असं कळवत राहतो. काही महिन्यांनी पाठीच्या कण्यातली आणि मेंदूतली यंत्रणाच अशा निरोपांना हळवी होते, आणि मग साध्या स्पर्शाचीसुद्धा वेदना वाटू लागते. त्याच पट्ट्यातली कातडी एकीकडे बधिर असते आणि दुसरीकडे जळत असते. रुग्ण बिचारा गोंधळतो. बधिर आहे म्हणावं तर दुखतं, दुखतं म्हणावं तर चिमटा काढलेला कळत नाही. घरच्यांना वाटतं, याच्या मनाचे खेळ आहेत. मनाचे खेळ नाहीत. दुखावलेला तंतू असाच वागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या आणि 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला स्वतःचं नाव आणि स्वतःची जागा मिळाली आहे. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियांबद्दलच्या पाहण्या सांगतात की तीन महिन्यांनी साधारण निम्म्या रुग्णांना काही ना काही दुखत असतं. त्यातल्या बहुतेकांचं दुखणं सोसण्याजोगं असतं, थोड्यांचं झोप मोडणारं. म्हणजे आपल्या माणसाला दुखतंय यात नवल नाही. त्याने ते कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही, हे मला खटकतं.

तो का सांगत नाही? पहिलं कारण उघड आहे. प्रत्येक नवी कळ त्याला एकच प्रश्न विचारते, 'परत आला का?' ते उत्तर ऐकायची त्याची तयारी नसते, म्हणून तो प्रश्नच काढत नाही. दुसरं कारण अधिक जिव्हारी लागणारं आहे. आपल्याकडे हा कॅन्सर बहुतांशी तंबाखू आणि दारूशी जोडलेला आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक डॉ. दाराब जस्सावाला यांनी मुंबईच्या रुग्णांचा अभ्यास करून हे नातं अनेक दशकांपूर्वीच दाखवून दिलं होतं. आपल्या मावश्या-काकू मिश्री लावतात, तीही तंबाखूच. हे सांगणं गरजेचं आहे, पण ते रोग होण्याआधी. ऑपरेशन होऊन आलेल्या माणसाला 'खाल्लीस ना तंबाखू, मग भोग' असं म्हणणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. जो माणूस आपली वेदना म्हणजे शिक्षा आहे असं मानू लागतो, तो औषध मागत नाही. शिवाय हा रोग तंबाखूला कधीही न शिवलेल्यांनाही होतो. तेव्हा हिशेब मांडायचं काम आपण सोडून द्यावं.

आता मी थोडा रेंगाळणार आहे, कारण इथेच सगळी मेख आहे. 'छातीत दुखतं' या दोन शब्दांत निदान चार वेगळी दुखणी लपलेली असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

उजव्या खांद्याच्या पात्याखालून निघून बरगडीच्या रेषेने स्तनाखालपर्यंत येणारी जळजळ, मुंग्या, विजेचा झटका, कपडा लागला की वाढणारं दुखणं हे मज्जातंतूचं. खांदा वर होत नाही, लोकलचं हँडल धरता येत नाही, दोरीवर कपडे वाळत घालता येत नाहीत, पाठीच्या वरच्या भागात ओढ बसते, हे स्नायूंचं. छाती उघडताना पाठीचे मोठे स्नायू कापावे किंवा ताणावे लागतात. मग दुखतं म्हणून माणूस हात अंगाला चिकटवून ठेवतो, आणि ठेवला म्हणून खांदा आखडतो. तिसरं जेवणाशी जोडलेलं. जेवून अर्ध्या तासात पोटात कळ, धडधड, घाम, गळून जाणं, कधी जुलाब. जठराची नळी झाली, तिच्याकडे जाणारे तंतू कापले गेले, त्यामुळे गोडाचा किंवा पातळाचा मोठा घास आतड्यात एकदम ओतला जातो, त्याचा हा परिणाम. रात्री आडवं झाल्यावर घशाशी येणारं आंबट-कडू पाणी आणि छातीतली आग हीसुद्धा याच वर्गातली, कारण खालचं वर न येऊ देणारी झडप ऑपरेशनमध्ये निघून गेलेली असते. चौथं म्हणजे घास अडकणं. जोड आक्रसला की आधी भाकरी अडकते, मग भात. हे दुखणं कमी आणि घाबरवणं जास्त. दुर्बिणीतून तो जोड रुंद करता येतो, त्यासाठी पुन्हा मोठं ऑपरेशन लागत नाही.

या चारांखेरीज एक पाचवं आहे आणि त्याला थांबून चालत नाही. नव्याने सुरू झालेलं, दिवसागणिक वाढणारं, रात्री झोपेतून उठवणारं, कण्यात किंवा हाडात खोल दुखणं, सोबत वजन उतरणं, आवाज बसणं, पायातली ताकद जाणं, ताप येणं. यातलं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवायचं. हा फरक रुग्णाला समजावून सांगितला की एक गोष्ट घडते, ती मी पुन्हा पुन्हा अनुभवली आहे. जुनं, ओळखीचं, एकाच रेषेत फिरणारं दुखणं हे सहसा रोग परतल्याचं लक्षण नसतं असं नीट कळल्यावर ते दुखणं तेवढंच राहूनही माणसाला झोप लागू लागते. भीती वेदनेला वाढवते, हे सिसिली सॉन्डर्स या ब्रिटिश डॉक्टर बाईंनी 1960च्या दशकात फार नेमकं मांडलं होतं. त्या म्हणत की शरीराची, मनाची, पैशाची, नात्यांची आणि श्रद्धेची वेदना अशी एकत्रच भेटते, तिचे तुकडे करून उपचार होत नाहीत.

औषधांबद्दल बोलतो. मी इथे कुणाला डोस सांगणार नाही. पण काय टाळायचं ते स्पष्ट सांगतो. स्टेशनजवळच्या मेडिकलमधून 'दुखण्याची गोळी' मागून घेऊ नका. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी जठरात व्रण होतात. तुमचं जठर आता छातीत आहे, श्वासनलिका आणि हृदयाच्या शेजारी. तिथला व्रण फुटणं म्हणजे जिवावरचं संकट. मूत्रपिंडाची बाब वेगळीच.

मज्जातंतूच्या दुखण्याला त्या गोळ्या फारशा लागूही पडत नाहीत. त्याला गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन या जातीची औषधं लागतात. इथे दोन अडचणी ठरलेल्या. मुलगा मोबाइलवर नाव शोधतो आणि घाबरून येतो, "डॉक्टर, ही तर फिट्सची गोळी आहे, ही तर डिप्रेशनची आहे, बाबांना वेड लागलंय का?" नाही. तंतूंची अतिरेकी धडपड शांत करणं हे या औषधांचं काम, म्हणून त्यांतली काही फिटमध्ये उपयोगी, काही डिप्रेशनमध्ये, आणि इथेही. दुसरी अडचण धीराची. ही औषधं लहान मात्रेने, बहुधा रात्री सुरू करतात आणि हळूहळू वाढवतात. गुण यायला दोन ते चार आठवडे जातात. रुग्ण चौथ्या दिवशी 'नुसती झोप येते, फरक काही नाही' म्हणून बंद करतो. बंद करायचं तर तेही हळूहळू, एकदम नाही. आणि गोळी गिळायला त्रास होत असेल तर डॉक्टरला सांगा, काही औषधं पातळ स्वरूपात मिळतात. मात्र दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी घरी कुटून देऊ नका, सगळी मात्रा एकदम अंगात जाते.

एवढ्याने भागलं नाही तर दुखऱ्या बरगडीच्या तंतूजवळ बधिर करणारं इंजेक्शन देता येतं, त्या जागी लावायच्या औषधी पट्ट्याही असतात. भूलतज्ज्ञांमध्ये वेदनाशास्त्राचं वेगळं शिक्षण घेतलेले डॉक्टर आता मुंबई-ठाण्यात भेटतात. त्यांच्याकडे जाणं हा सर्जनवरचा अविश्वास नव्हे.

मॉर्फिनचं मात्र वेगळं सांगावं लागेल. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. जगाच्या वेदनाशामकांना कच्चा माल पुरवणाऱ्या देशांत आपण आहोत. आणि 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत आपल्याच रुग्णांसाठी वापरलेल्या मॉर्फिनचं प्रमाण 90 टक्क्यांहून अधिक घसरलं. परवान्यांच्या जंजाळाला भिऊन इस्पितळांनी आणि दुकानांनी ते ठेवणंच सोडलं. कॅन्सरची माणसं तळमळत राहिली. याविरुद्ध केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांनी आयुष्य वेचलं. 1993 मध्ये कोझिकोडला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं, त्यातून गल्लीगल्लीतले स्वयंसेवक उभे राहिले, आणि त्यांच्यासारख्यांच्या पाठपुराव्यामुळे 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आपली मुंबईही यात मागे राहिलेली नाही. टाटाचेच सर्जन डॉ. लुईस डिसूझा यांनी 1986 मध्ये वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू केलं, देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून आहे. पण केरळमध्ये जसं शेजारची बाई येऊन 'आज कसं आहे' म्हणून विचारते, तसं आपल्या गावात अजून नाही. अंबरनाथसारख्या, चाळींची सवय असलेल्या गावाला हे अवघड का जावं, ते मला कळत नाही. इथे गणपतीची वर्गणी काढायला दारोदार जाणारे तरुण आहेत. त्यातल्या दहा जणांना आठवड्यातून एकदा दोन घरी जायला शिकवता येईल. शिकवायला मी तयार आहे. सभा संपल्यावर नावं द्या.

घरी काय करायचं ते बायका-माणसांनी नीट ऐकावं. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, दुखणं कमी होतं. दुखतं म्हणून खोल श्वास टाळला तर फुप्फुसात कफ साचतो, म्हणून श्वास आत ओढून तीन गोळे उचलायचं ते श्वासाचं यंत्र माळ्यावर टाकू नका. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा, कायमच्या. पाठ आणि मान मिळून उंच हवी, नुसती उशांची चळत लावून पोट दुमडलं तर उलट त्रास होतो. जेवण सहा वेळा, थोडं थोडं, मऊ भात, पेज, आंबील, चांगलं शिजवलेलं वरण, अंडं, मासा. पाणी जेवणाबरोबर नको, अर्ध्या तासाने. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. दिवाळीत, लग्नात 'आमच्या हातचा एक घास घ्याच' असा आग्रह करणाऱ्या आत्याबाईंना हात जोडून थांबवा. शिऱ्याचा तो एक घास त्या माणसाला तासभर घामाघूम करू शकतो.

बधिर पट्ट्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवताना आधी स्वतःच्या हाताला लावून बघा. रुग्णाला भाजल्याचं कळत नाही, कातडी जळून फोड आलेले मी पाहिले आहेत. कपडा सोसत नसेल तर त्या जागेला पुन्हा स्पर्शाची सवय लावता येते. आधी जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा, काही मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, मग जरा जाड कापड, मग टॉवेल. आई दुखऱ्या जागी हात चोळते आणि बरं वाटतं, यामागे शास्त्र आहे. मेल्झॅक आणि वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेला सिद्धांत सांगतो की स्पर्शाचे निरोप वेदनेच्या निरोपांची वाट पाठीच्या कण्यातच अडवू शकतात. बायकांनी घट्ट ब्लाउज आणि पट्टे काही महिने बाजूला ठेवावेत. पुरुष डॉक्टरला हे सांगायला संकोच वाटतो आणि बायकांनाही विचारायला, म्हणून मी इथे जाहीरच सांगतो.

खांद्यासाठी भिंतीसमोर उभं राहून बोटं भिंतीवर चढवत न्यायची, कालच्या खुणेपेक्षा थोडी वर. दुखेल. थोडं दुखणं म्हणजे नुकसान नव्हे. आणि चालणं. माझ्याकडच्या एका गृहस्थांना महाशिवरात्रीला शिवमंदिरात जायचं होतं. आपल्या देवळाचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, विसेक पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि खरी परीक्षा वर चढून येण्याची. ते घराच्या जिन्यावर रोज सराव करत होते, दोन पायऱ्यांपासून सुरुवात करून. त्यांचं दुखणं पूर्ण गेलं नव्हतं, पण त्यांनी दुखण्याचा आकडा मोजणं सोडून पायऱ्या मोजायला घेतल्या. मी आता प्रत्येकाला हेच विचारतो की तुला काय करायचंय? नातवाला उचलायचंय, ड्युटीवर जायचंय, भजनात बसायचंय? औषध त्या कामासाठी आहे.

ड्युटीचं निघालं म्हणून एमआयडीसीतल्या कामगारांसाठी एक माहिती, कारण ती पोहोचत नाही. तुमची ईएसआयची कपात होत असेल आणि नोकरीच्या व वर्गणीच्या अटी पुऱ्या होत असतील, तर कॅन्सर हा त्यांच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. त्यात पगाराच्या 80 टक्के दराने, दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. उरलेल्या दुखण्यासह वजन उचलण्याच्या कामावर घाईने परतलेला माणूस पुन्हा आडवा होतो, ते केवळ पैशासाठी. उल्हासनगरच्या ईएसआय इस्पितळात चौकशी करा. आणि परळच्या फेऱ्यांसाठी लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांना बसता येतं. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाला तिथे लोक उठवतात, तेव्हा इस्पितळाचा कागद खिशात हवा. त्या डब्यातल्या बाकीच्यांनीही हे लक्षात ठेवावं की बरगडीतला कापलेला तंतू शर्टाखालून दिसत नाही.

संयोजकांनी प्रश्नांच्या चिठ्ठ्या आणून दिल्या आहेत. पहिली, 'हे दुखणं किती दिवस राहतं?' बहुतेकांचं पहिल्या वर्षात उतरत जातं. काहींचं राहतं, पण तेही असं आटोक्यात आणता येतं की दिवसाची कामं त्याच्या तालावर होत नाहीत. वर्ष झालं, आता काय उपयोग, असं समजून कुणी थांबू नये. उशिराही उपचार लागू पडतात.

दुसरी, 'मॉर्फिनची सवय लागते का?' कॅन्सरच्या वेदनेसाठी, डॉक्टरच्या देखरेखीखाली, ठरल्या वेळी घेतलं तर व्यसनाची भीती फार कमी असते. मात्र ऑपरेशन होऊन रोग गेलेला आहे आणि उरलेलं दुखणं मज्जातंतूचं आहे, तिथे महिनोन्‌महिने मॉर्फिन किंवा ट्रामाडॉल हा पहिला उपाय नव्हे. ट्रामाडॉल 2018 पासून अमली पदार्थ कायद्याखाली आलं आहे, ते चिठ्ठीशिवाय मागू नका. आणि अशा गोळ्यांबरोबर बद्धकोष्ठाचं औषध पहिल्या दिवसापासून लागतं, तेवढं विचारून घ्या.

तिसरी चिठ्ठी कुणा मुलीची दिसते. 'पप्पांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. आत्तापासून काय करू?' बाळ, हा आजचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस ज्याला फार दुखतं, त्याचं दुखणं टिकून राहण्याचा धोका अधिक असतो. ज्याला आधीपासून कुठे जुनं दुखणं आहे, जो फार धास्तावलेला आहे, त्यालाही. म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांची भेट नुसती सही करण्यापुरती ठेवू नकोस. पप्पांना आधीपासून पाठ, गुडघा, काही दुखत असेल तर ते त्यांना सांग, कुठल्या गोळ्या चालू आहेत त्या दाखव. पाठीतून बारीक नळी घालून किंवा बरगडीच्या तंतूंजवळ औषध सोडून छाती बधिर ठेवणार आहेत का, ते विचार. ते नाराज होणार नाहीत, असा प्रश्न विचारणारे नातेवाईक त्यांना आवडतात. तंबाखू, सिगरेट असेल तर आज रात्रीपासून बंद. ते श्वासाचं यंत्र आत्ताच आणून रोज वापरायला लाव, ऑपरेशननंतर शिकणं जड जातं. संध्याकाळी त्यांना चालायला घेऊन जा. आणि घरी आल्यावर 'बरं आहे ना?' असं विचारू नकोस, त्याला ते हो म्हणतील. 'आज कुठे दुखलं, आणि त्यामुळे काय करता आलं नाही?' असं विचार, वहीत लिही, आणि ती वही घेऊन माझ्याकडे ये, किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही डॉक्टरकडे.